सूड, तोही क्षमावणीच्या आत

...आणि वर म्हणतो कसा? म्हणतो, "अण्णा, यातलं तुमाला न्हाई कळायचं!"

आता तुम्हीच सांगा, मंडळी! कुणाला म्हणतोय? नेमिनाथअण्णांना! आणि कशातलं? पंपातलं! अहो, कुंडलात उतरा आणि पहिला दिसेल त्या माणसाला विचारा, नदीवरच्या मोटारींचा डॉक्टर कोण? लंगोटीतलं पोरगंसुद्धा अण्णांच्या दाराकडं बोट दाखवेल. उभा जन्म या माणसानं पाणी उचलण्यात घातला. मोटार तिकडं लांब रानात खूंऽऽ करायची आणि अण्णा इकडं बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, कट्ट्यावर बसून, डोळे न उघडता सांगायचे, "सक्शन चोक झालंय. फूटव्हॉल्व्हला श्याळ अडकलंय बघ." माणूस पळत जायचा, पाइप उचलायचा, तर शेवाळाचा हा एवढा गोळा! गावात कुणाची बायको रुसली तरी लोक म्हणायचे, अण्णांना विचारा, सक्शन कुठं चोक झालंय ते. आणि त्या अण्णांना, भरल्या घरात, वास्तुशांतीच्या पंगतीसमोर, हा बाळासो म्हणतो, तुम्हाला नाही कळायचं!

हां, बाळासो कोण ते राहिलंच. बाळासो म्हणजे अण्णांचा साडू. अण्णांच्या बायकोची, चंदनबालाकाकींची, धाकटी बहीण चंदना, तिचा नवरा. कराडला भांड्यांचं दुकान. बोलायला एकदम गुळगुळीत, शर्टाच्या खिशाला कायम दोन पेनं, लिहीत मात्र काही नाही. अण्णांनी अक्षयतृतीयेला नव्या घराची वास्तुशांत केली, मी शेजारी म्हणून पाणी वाढायला होतो, तर हा गडी टेम्पोतनं काय घेऊन उतरावा? काचपेटी! माशांची! साठ-सत्तर लिटरची काचपेटी, तळाला रंगीत खडे, मागं प्लास्टिकचा किल्ला, किल्ल्याच्या आड पंप, आणि आत दोन नारिंगी मासे!

आता अण्णा जैन. घरात मुंगी मारत नाहीत. काकी तर पाण्याच्या बाबतीत इतक्या कडक की विचारू नका. नळाला गाळणं, हंड्याला गाळणं, गाळलेलं पाणीसुद्धा पुन्हा गाळतील. पाण्यात बारीक जीव असतात, ते दुखावता कामा नयेत. चातुर्मास लागला की पावसापाण्यानं जीव वाढतात, म्हणून गाळणं दुहेरी. आणि अशा घरात जिवंत मासे कोंडून आणायचे? काकींचा चेहरा पडला. पण आहेर आहे, परत कसा द्यायचा? ओढ्यात सोडायचं म्हटलं तर ते बाजारातले नाजूक मासे, संध्याकाळपर्यंत टिकायचे नाहीत. काकी म्हणाल्या, "आता आलाय जीव दाराशी तर सांभाळायचा. या घरात जीव मरता कामा नये." झालं. जबाबदारी गळ्यात.

तेवढ्यात अण्णा कौतुकानं वाकले आणि किल्ल्यामागचा पंप बघायला पाण्यात हात घालायला लागले, एवढीच चूक हो त्यांची! तर बाळासोनं हात धरला! सगळ्यांच्या देखत! "आवं अण्णा, थांबा थांबा! ह्यो काय नदीवरचा पंप न्हवं. लय नाजूक मशीन असतंय. यातलं तुमाला न्हाई कळायचं. बंद पडला तर मला फोन करा." आणि पंगत हसली. सगळी पंगत! माझ्याही तोंडातनं थोडं निसटलं, पण ते जाऊ द्या.

अण्णांनी बाळासोला आग्रह करकरून जिलबी वाढली. पण मंडळी, अण्णांचा उजवा कान लाल झाला की समजायचं, आत मोटार चालू झाली. टेम्पो वळणाआड गेला तसं मला म्हणाले, "ऐकलंस न्हवं? ह्येच वाक्य. जसंच्या तसं. त्याच्या घरात, त्याच्या तोंडावर परत केलं न्हाई तर नाव सांगणार न्हाई. आन मासा बी मरू देणार न्हाई, आन त्याला फोन बी करणार न्हाई." पंपातलं? आणि अण्णांना?

सुरुवातीला सगळं झकास चाललं बघा. पंप मंद आवाजात गुणगुणायचा, मासे फिरायचे. डबीतलं खाद्य काकींनी चष्मा लावून वाचलं, तर त्यात माशाची पूड! "अगं बाई, माशाला मासाच चारायचा व्हय?" डबी बाहेर. मग उकडलेला वाटाणा, सोललेला, चुरडलेला. पालकाचं पान. आणि तेही दिवस मावळायच्या आत, नंतर नाही! तुम्हाला सांगतो, महिन्याभरात ते दोन्ही मासे जैन झाले. दिवेलागण झाली की तळाला जाऊन गप्प बसायचे, वर वाटाणा धरला तरी तोंड उघडायचे नाहीत.

आणि मग आषाढात, चातुर्मास लागला आणि पंपानं सूर बदलला. खूं... खूं... खूंऽऽ! अण्णा जेवत होते. घास हातात, डोळे मिटले, "सक्शन चोक झालंय." बघा! आतल्या खोलीत बसून! काकींना म्हणाले, "पंप काढ गं बाहेर." काकींनी पदर खोचला, पाण्यात हात घातला, काय खळबळायचं ते खळबळलं, पुसून पुसून पंप आणून दिला. अण्णांनी उघडला. आतला पंखा स्वच्छ! जाळी स्वच्छ! शेवाळाचा कण नाही! बादलीत टाकून चालू केला, तर फर्रर्र! धबधबा! परत काकींच्या हातात दिला, काकींनी पेटीत लावला... खूं... खूं... बंद.

पुन्हा बाहेर. बादलीत, फर्रर्र! पेटीत, खूं! बादलीत, फर्रर्र! पेटीत, खूं! अहो, माणसानं किती वेळा करावं? सगळी गल्ली बघायला आली. एक म्हणतो करणी, एक म्हणतो व्होल्टेज. अण्णा बादलीकडं बघतात, पेटीकडं बघतात, बादलीकडं बघतात, आणि त्यांचा कान हळूहळू लाल व्हायला लागला. "बादली कुणाची? आपली. पेटी कुणाची? बाळासोची." म्हणाले, "समजलं मला. ढ माल दिलाय. मुद्दाम दिलाय. बंद पडावा, आन मी फोन करावा." शेवटी एक दिवस पंप बादलीतसुद्धा बंद पडला. चालून चालून जळाला बिचारा.

आता पंप बंद म्हटल्यावर मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले, आ... आ... हवा मागायला. फोन करायचा नाही. मासा मरू द्यायचा नाही. मग काय करावं या माणसानं? तांब्या घेतला! खुर्ची ओढली, पेटीतलं पाणी तांब्यात घ्यायचं, हात उंच करायचा आणि वरनं धार सोडायची, म्हणजे पाण्यात हवा मिसळते. तांब्या भर, धार सोड. तांब्या भर, धार सोड. ज्या माणसानं नदी उचलून रानात नेली, तो माणूस तांब्यानं पाणी जिथल्या तिथं ओततोय! मला बघवेना हो. अण्णा एकेका धारेला एकेक शब्द बोलायचे. यातलं... तुम्हाला... नाही... कळायचं. पुन्हा तांब्या भरायचे.

मग काकींनी जबरदस्तीनं सांगलीला धाडलं. मी बरोबर. माशांचं दुकान, काऊंटरला मयूरी नावाची चुणचुणीत मुलगी. म्हणाली, "काका, टाकी किती लिटरची?"

"टाकी ऱ्हाऊ दे. हॉर्सपॉवर किती?"

"हॉर्सपॉवर नसते काका यात. तुमच्या टाकीला तासाला अडीचशे-तीनशे लिटर फिरवणारा पंप बास होईल."

"हेड किती? पाणी किती फूट चढवतो?"

"चढवायचं कुठंय काका? टाकीतल्या टाकीत फिरवायचंय."

आता हे अण्णांच्या डोक्यातच शिरेना! पाणी आहे तिथंच ठेवायला लाईट जाळायची? पाणी उचलायचं नाही, न्यायचं नाही, पाजायचं नाही, नुसतं फिरवायचं? ती पोरगी बिचारी सांगतेय, महिन्याला पंप उघडा, पंखा बारीक ब्रशनं घासा, कोरडा चालवू नका, पाणी आत घ्यायचं तोंड मोकळं ठेवा, आणि अण्णा एकच म्हणतात, "पंपातलं मला शिकवू नको बाळ. ती वरच्या फळीवरची साईज काढ." का? तर शेतकऱ्याचा नियम! मोटार घ्यायची तर लागते त्याच्यापेक्षा एक साईज वरची! निघताना तिनं सहज विचारलं, गाव कुठलं, टाकी कुठनं घेतली. अण्णांनी सांगितलं, कराडच्या बाळासोनं दिलीय. तर ती हसून म्हणते, "बाळासोकाका? अहो, ते आमचे नेहमीचेच!"

संपलं! एवढं पुरे! अण्णा दुकानातनं बाहेर आले आणि रस्त्यावर मधोमध थांबले. मागनं रिक्षावाला ओरडतोय. "बघितलंस रं? हितंवर हात पोचलाय त्याचा. ह्यो पंप बी टिकत न्हाई बघ."

आणि काय सांगू, नाहीच टिकला! पहिल्या दिवशी लावला तेव्हा तर काय झालं माहितीये? एक साईज नव्हे, तीन साईज वरचा होता तो! चालू केला आणि दोन्ही मासे काचपेटीत गरागरा, जत्रेतल्या मौतच्या कुव्यातल्या फटफटीगत! एक सरळ फिरतोय, एक शेपटीकडनं फिरतोय! काकी ओरडल्या, "आवं, भवळ येऊन मरतील की ती! थांबा, मी करते काय ते." त्यांनी हात घालून काय केलं देव जाणे, पाणी शांत झालं, मासे शांत झाले. अण्णा म्हणाले, बघ, मोटार सेट झाली. आणि चार-पाच दिवसांनी... खूं. बादलीत फर्रर्र, पेटीत खूं. आणि एके दिवशी वास आला आणि तोही गेला.

पुन्हा तांब्या.

आता मात्र अण्णा पेटले. पण मंडळी, इथंच खरी अडचण. भादव्यात जैनांचं दशलक्षण पर्व येतं. दहा दिवस व्रतं, एकवेळचं जेवण, राग नाही, लोभ नाही. आणि पर्व संपलं की क्षमावणी. त्या दिवशी सगळ्यांनी सगळ्यांची क्षमा मागायची. घरोघर जायचं, हात जोडायचे, वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल तर क्षमा असावी. आणि समोरच्यानं क्षमा करायची, मनात काही ठेवायचं नाही. अण्णा धर्माचे पक्के. क्षमा करायची म्हणजे खरोखर करायची, वरवर नाही. मग? मग सूड कधी घ्यायचा? क्षमावणीच्या आत! एकदा क्षमा केली की कसला सूड? आणि पर्वाच्या दहा दिवसांत वाईट काही करायचं नाही, म्हणजे पर्व लागायच्याही आत! अहो, लोक कर्ज फेडायला मुदत मागतात, या माणसाला सूड घ्यायला मुदत पडली!

त्यात सूडही नियमात बसणारा पाहिजे. जीव दुखावता कामा नये. खोटं बोलता कामा नये. आणि दिवस मावळायच्या आत उरकला पाहिजे, कारण जेवायला घरी यायचंय. तुम्ही घेऊन दाखवा बरं असला सूड! मला तर सुचेना. पण पंपातलं? आणि अण्णांना? तांब्या ओतता ओतता अण्णांचा हात हवेत थांबला. धार थांबली. मासे वर बघायला लागले. "सायफन," अण्णा म्हणाले.

आता बघा, बाळासोच्या कराडच्या घरात हॉलमध्ये याच्या दुप्पट काचपेटी. तिथं हवेचा पंप. हा पाण्यात नसतो, बाहेर असतो, बारीक नळीनं पाण्यात हवा सोडतो, बुडबुडे येतात. हा पंप नेहमी पाण्याच्या पातळीच्या वर ठेवायचा. का? खाली ठेवला आणि लाईट गेली की हवा थांबते, आणि त्याच नळीतनं पाणी उलटं खाली यायला लागतं. पेटीतनं नळीत, नळीतनं पंपात, पंपातनं फरशीवर. आणि बाळासोच्या फरशीवर काय? गालिचा! नवा! ज्याच्यावर तो स्वतःच्या सख्ख्या मेव्हण्यालासुद्धा चप्पल दारात काढायला लावून, वर पाय झटकायला लावायचा!

म्हणजे बघा कसं जमतंय. लाईट जाणार, गालिचा भिजणार, बाळासोला काही कळणार नाही पाणी आलं कुठनं, तो घाबरून पंपवाल्या साडूला फोन करणार, अण्णा जाणार, सगळ्यांच्या देखत वाकणार, पंप उचलून वर ठेवणार आणि म्हणणार, "बाळासो, यातलं तुमाला न्हाई कळायचं!" आहाहा! मला सांगताना अण्णांचे डोळे असे चमकत होते, लग्नात चमकले नसतील.

पर्वाच्या चार-दोन दिवस आधी एसटी पकडली. पिशवीत कंदी पेढे. साताऱ्याहून मागवलेले. सुडाला जाताना पेढे! कराडला बाळासोनं "या या अण्णा" केलं, पाय झटकायला लावले, चंदना चहा टाकायला आत गेली, बाळासो दुकानातला फोन घ्यायला बाल्कनीत गेला. अण्णा उठले. फळीवरचा पंप उचलला, सोफ्यामागं फरशीवर ठेवला. आणि निघणार, तेवढ्यात मासे दिसले. नळीच्या टोकाला जो फेसाचा दगड असतो तो पार तळाला होता. म्हणजे सगळं पाणी निघून जाणार! मासे कोरडे पडणार! अण्णांनी बाही वर केली, हात घातला, तो दगड उचलून निम्म्या उंचीवर अडकवला. सायफन नळीच्या टोकापर्यंतच ओढतो. निम्मं पाणी गालिच्याला, निम्मं माशांना. अहो, याला म्हणतात हिशोब! शत्रूच्या घरातसुद्धा जीव सांभाळून सूड! बाळासो आत आला तेव्हा अण्णा चहा पीत बसले होते. ओली बाही तेवढी खाली केली होती.

आता फक्त लाईट जायची वाट.

आणि मंडळी, कराडची लाईट जाईना!

आमच्याकडं सकाळी जाते, दुपारी जाते, कुणी शिंकलं तरी जाते. आणि तिकडं कराडात, ऐन गरजेला, जात नाही! अण्णांनी सकाळी फोन लावला. पंपासाठी फोन करणार नाही म्हणाले होते, लाईटसाठी नाही म्हणाले नव्हते. "बाळासो, लाईट हाय का?" "हाय की. का वो?" "काय न्हाई. सहज." संध्याकाळी, "लाईट हाय का?" "हाय की अण्णा." दुसऱ्या दिवशी, "लाईट..." "हाय की वो! तुमच्याकडं न्हाई व्हय?" "आमच्याकडचं सोडा." अण्णा फोन ठेवायचे आणि तांब्या उचलायचे. पर्व उद्यावर आलं. त्या संध्याकाळी कराडकडं आभाळ काळं झालं, विजा चमकल्या, अण्णांनी हात जोडले, पहिल्यांदा आयुष्यात कुणाची लाईट जावी म्हणून! फोन लावला. "बाळासो... लाईट?"

"गेली बगा आत्ताच!"

"मग?" अण्णा उभे राहिले. "मग? काय झालं?"

"काय हुतंय? इन्व्हर्टर हाय की आपल्याकडं."

इन्व्हर्टर!

अण्णा फोन ठेवून खुर्चीत बसले. मी म्हटलं, अण्णा, जाऊ द्या. तर म्हणतात, "मोटारीच्या मागं बॅटरी ठेवतोय रं तो. रणांगणात असला रडीचा डाव कुणी खेळला न्हवता." दुसऱ्या दिवशी पर्व लागलं. मुदत संपली. दहा दिवस अण्णा एकवेळ जेवले, पूजा केली, आणि उरलेला वेळ तांब्या ओतत बसले. तिसरा पंप आणायला त्या दुकानात जायचं? शत्रूच्या गोटात? नाव नको. मासे मात्र ठणठणीत. मला वाटतं त्यांना आता धारेचीच सवय झाली होती.

आणि क्षमावणीला सकाळीच दारात टेम्पो. बाळासो! चंदना! मी तिथंच होतो. अण्णांनी कपडे झटकले. मन घट्ट केलं. करायची आता क्षमा, काय करता? राहिलं वाक्य आपलं. हात जोडायला उचलले, तर बाळासोनं त्यांच्या हातात खोकं दिलं. "अण्णा, आधी ह्ये घ्या. तुमी रोज फोन करून लाईट इचारत हुता, तवाच मला कळलं. तुमच्याकडं लाईट जाती, मासं गुदमरत असतील, आन तुमी मानी माणूस, सांगणार न्हाई. म्हणून बॅटरीवर बी चालणारा पंप आणलाय."

आता घ्या! अण्णांचा एक कान लाल आणि एक पांढरा!

तोवर काकी आल्या. त्या आधी काचपेटीसमोर उभ्या राहिल्या, माशांना हात जोडले. क्षमावणी आहे, सगळ्या जिवांची क्षमा मागायची. "बाबांनो, पर्वाच्या गडबडीत तुमचं गाळणं धुवायचं ऱ्हाऊन गेलं. क्षमा करा रं."

"कसलं गाळणं?" अण्णा म्हणाले.

"आवं, पंपाचं." आणि काकींनी किल्ल्यामागनं तो मेलेला पंप बाहेर काढला. मंडळी! पंपाच्या पाणी ओढायच्या तोंडाला, चौपदरी, जाड सुती, दोऱ्यानं आवळून बांधलेलं गाळणं! चिखलानं तपकिरी झालेलं! काकी शांतपणे दोरा सोडतायत, गाळणं त्याच पाण्यात खळबळतायत, जीव परत पाण्यात गेले पाहिजेत ना! "पंख्यात बारीक जीव जात्यात की वो चिरडून. पैल्यापासनं बांधते. आखाडात चातुर्मास लागला तवापासनं दुहेरी केलं. तो मोठा पंप आणला तवा तर चौपदरी बांधलं, तवा कुठं मासं गरागरा फिरायचं थांबलं." आणि मग नवा पंप घेतला, बाळासोच्या देखत, त्याच्या तोंडाला तेच गाळणं बांधायला लागल्या! अण्णांनी पंप मागितला की गाळणं सोडून, पुसून द्यायच्या. नळ दुरुस्तीला दिला तर नळाचं गाळणं देतो का आपण? नाही ना? तसंच!

दोन पंप गेले. दुकानदार पोरगी वाईट ठरली, साडू वाईट ठरला, कराडची वीज वाईट ठरली. आणि सक्शन? सक्शन चोक होतं. अण्णांचं निदान पहिल्या दिवसापासनं शंभर टक्के बरोबर होतं हो!

बाळासोनं ते गाळणं बघितलं. ओठ दातात धरले. डोळ्यांत पाणी आलं, हसू दाबून. पण क्षमावणी! हसायचं नाही. गुळगुळीत माणूस, लगेच हात जोडले. "असू द्या अण्णा. चालायचंच. माझ्याकडं बी आला हुता तवा हवंचा पंप सोफ्यामागं खाली ठिवून गेला तुमी. मी चार-आठ दिसांनी झाडताना बगितला, वर ठेवला परत. पंप खाली ठेवायचा नसतो अण्णा, लाईट गेली की पाणी उलटं येतंय. आता नदीवरच्या माणसाला ह्ये कुठनं म्हाईत असणार? यातलं तुमाला न्हाई..."

आणि थांबला. क्षमावणी म्हणून थांबला. "...जाऊ द्या," म्हणाला.

मंडळी, अण्णा गप्प बसले असते तर निभावलं असतं! चूक झाली, माहीत नव्हतं, म्हटलं असतं तर सगळं झाकलं गेलं असतं. पण पंपातलं? आणि अण्णांना? अण्णा ताडकन पुढं आले. "माहीत न्हाई? मला? सायफन? आरं, मुद्दाम ठेवला हुता खाली! लाईट गेली असती, तुझा गालिचा भिजला असता! आन तो फेसाचा दगड बघितलास का? निम्म्यावर अडकवलाय! निम्मंच पाणी जाईल, मासं वाचतील, ह्यो हिशोब कुणाचा? पंपातलं मला कळत न्हाई व्हय?"

चंदनाच्या हातातला पेढा हातातच. काकी अण्णांकडं बघतायत. आणि अण्णांच्या लक्षात आलं, आपण काय बोलून बसलो.

बाळासो पुढं आला, वाकला, अण्णांच्या पायाला हात लावला आणि म्हणाला, "क्षमा केली अण्णा."

आत्ता संध्याकाळी बसलो होतो आम्ही कट्ट्यावर. काकींनी गाळणं एकेरी केलंय, सैल बांधलंय, रोज धुतात. पंप गुणगुणतोय, मासे फिरतायत, तांब्या देव्हाऱ्याजवळ जागेवर गेलाय. मी म्हटलं, चला अण्णा, मिटलं एकदाचं. तर अण्णा हळूच म्हणाले, "मिटलं कसलं रं? वाक्य परत करायचं राह्यलं, गालिचा भिजायचा राह्यला. आन क्षमा... क्षमा पण माझ्याच घरात येऊन त्यानंच आधी केली!"